मोटारनौका : बहिःस्थ व अंतःस्थ एंजिने

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या किंवा विद्युत् चलित्राच्या साहाय्याने चालणाऱ्या लहान नौकेस मोटारनौका म्हणतात. अशा नौकेत एंजिन कोठे बसवावयाचे, हा प्रश्न मोटारनौकेइतकाच जुना आहे. एंजिन नौकेच्या पोटात पक्क्या बैठकीवर बसविलेले असून त्याचा दंड नौकेच्या तळातून वा पश्चभागातून बाहेर जाऊन मळसूत्री प्रचालक फिरवीत असेल, तर त्यास अंतःस्थ एंजिन म्हणतात. एंजिन, दंतचक्रे व प्रचालक यांचा एकसंध संच नौकेच्या मागील फळीवर बाहेरून पकडीने अडकविलेला असेल, तर त्यास बहिःस्थ एंजिन म्हणतात. मच्छीमारांत व बाजारात या दोहोंची अनुक्रमे इनबोर्ड व आउटबोर्ड हीच नावे रूढ आहेत. एंजिन आत आणि दिशा देणारा प्रचालक-संच बाहेर, अशी तिसरी संमिश्र योजनाही १९५९ पासून प्रचारात आली. एंजिन आत असावे की बाहेर, हे केवळ यंत्रशास्त्रावर ठरत नाही. किनाऱ्याचे स्वरूप, इंधनाची किंमत, नौकेच्या सांगाड्याचा आकार व मालकाची ऐपत यांवर ते ठरते. म्हणून एका पद्धतीकडून दुसरीकडे झालेल्या स्थित्यंतरांचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या त्या किनाऱ्यावरील लोकांच्या उपजीविकेचाही इतिहास आहे.

आरंभ : नौकेच्या मागील बाजूस काढता-घालता येईल असे चलित्र बसविण्याची कल्पना पेट्रोल एंजिनाच्या आधीची आहे. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत विद्युत् घटमालेवर चालणारी नौका चालवून दाखविली. तिचे चलित्र व प्रचालक सुकाणूलाच जोडलेले असून तो सर्व संच उचलून काढता येत असे. म्हणजे आजच्या बहिःस्थ एंजिनाचे मुख्य लक्षण त्यात होतेच. परंतु त्या काळच्या घटमाला जड व अल्पजीवी असल्याने ही योजना मोठ्या प्रमाणावर वापरात आली नाही.

जर्मनीत गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८६ मध्ये आपले वेगवान पेट्रोल एंजिन सु. ४.५ मी. लांबीच्या एका नौकेत बसवून कानश्टाटजवळ नेकार नदीत चालविले. नौकेचा वेग ताशी सु. ११ किमी. होता. पेट्रोलचा स्फोट होईल या भीतीने लोक अशा नौकेत बसावयास कचरत. म्हणून डाइमलरने एंजिन झाकून ती विजेवर चालत असल्याचा आभास निर्माण केला, असे सांगतात. ही आख्यायिका असली, तरी तीमागील भीती निराधार नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उघड्यावर उडून जाते. पण नौकेच्या तळाशी साचली, तर एका ठिणगीने पेट घेते. अंतःस्थ पेट्रोल एंजिनाच्या संपूर्ण इतिहासावर या एका गुणधर्माची छाया पडलेली आहे. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

विसाव्या शतकाच्या आरंभीची बहुतेक मोटारनौकांची एंजिने अंतःस्थच होती. ओतीव लोखंडाची ही एंजिने जड व मंदगती असल्याने ती नौकेच्या मध्यभागी, कण्यावर बसविणे सोयीचे होते. त्यांच्या वजनाने नौका खाली बसे व स्थिर राही. स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांनी तप्तगोल पद्धतीचे एंजिन पसंत केले. त्याच्या सिलिंडराच्या टोकाशी असलेला पोकळ गोळा दिव्याच्या ज्योतीने आधी तापवावा लागे; नंतर त्यात फवारलेले जाडे तेल आपोआप पेट घेई. त्यास ठिणगीची योजना लागत नसे, ते हलक्या प्रतीच्या तेलावर चाले व खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी बिघडत नसे. पुढे त्याची जागा डीझेल एंजिनाने घेतली. शिडाच्या मच्छीमार नौकेत एंजिन आत बसविण्याची जी परंपरा पुढे भारतात आली, तिचा उगम या उत्तर युरोपीय अनुभवात आहे. [⟶ डीझेल एंजिन].

बहिःस्थ एंजिनाचा प्रसार : अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ च्या सुमारास मोटारसायकलच्या धर्तीचे एंजिन नौकेच्या मागील फळीवर बसवून पाहिले व पुढे ते विक्रीस काढले. तथापि टिकाऊ व सर्वसामान्यांच्या आटोक्यातील बहिःस्थ एंजिनाचे श्रेय मिलवॉकी येथील ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेजियन तंत्रज्ञास दिले जाते. उन्हाळ्यात तळ्यापलीकडून आइसक्रीम आणण्यासाठी वल्ही मारता मारता त्यास ही कल्पना सुचली, अशी कथा प्रसिद्ध आहे. १९०९ मध्ये त्याने विक्रीस आणलेले एंजिन १.५ अश्वशक्तीचे व सु. २८ किग्रॅ. वजनाचे होते. त्यात उभा दंड व खालच्या टोकाशी काटकोनात बसविलेली दंतचक्रे ही रचना होती आणि तत्त्वतः ती आजही कायम आहे. १९२१ मध्ये त्याने ॲल्युमिनियमाचा भरपूर वापर केलेले दोन सिलिंडरांचे हलके एंजिन तयार केले. त्याच सुमारास जॉन्सन बंधूंचे एंजिनही बाजारात आले. या स्पर्धेमुळे एंजिने हलकी व वेगवान होत गेली. १९३९ मध्ये कार्ल कीकहेफर याने विस्कॉन्सिन राज्यात सुरू केलेल्या कारखान्यातून मर्क्युरी हे नाव पुढे आले. जपानमध्ये १९५६ मध्ये तोहात्सू व १९६० मध्ये यामाहा या कंपन्यांनी बहिःस्थ एंजिनांचे उत्पादन सुरू केले. जपानी एंजिने पुढे आशिया व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरील मच्छीमारांच्या घराघरांत पोहोचली.

बहिःस्थ एंजिनाचे फायदे उघड होते. सांगाड्यात भोक पाडावे लागत नाही. नौकेतील जागा अडत नाही. स्वतंत्र सुकाणू लागत नाही, कारण सबंध एंजिनच वळविले जाते. उथळ पाण्यात एंजिन वर उचलता येते. बिघडले, तर खांद्यावर घालून दुरुस्तीस नेता येते. शिवाय पेट्रोलची वाफ बंद जागेत साचत नाही. याउलट ही एंजिने दीर्घकाळ द्विधाव पद्धतीची होती. वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे आणि जळण्यापूर्वीच इंधनाचा मोठा भाग निष्कास वायूबरोबर बाहेर पडे. त्यामुळे इंधनखर्च फार येई व पाणी आणि हवा दूषित होत. ५० अश्वशक्तीपर्यंतची मागणी निघाली, तेव्हा मालकास दुसराही प्रश्न पडू लागला : तेवढ्याच शक्तीचे मोटारगाडीचे चतुर्धाव एंजिन स्वस्त, कमी खाणारे व अधिक टिकाऊ असताना ते नौकेच्या आत का बसवू नये ?

बहिःस्थाचे अंतःस्थात रूपांतर : ही मागणी १९५० नंतरच्या दशकात अमेरिका व युरोप येथे बळावली. त्या वेळी प्लायवुड व काचतंतू यांच्या हलक्या नौका हजारोंनी तयार होत होत्या आणि मोटारगाड्यांची एंजिने सहज उपलब्ध होती. परंतु बहिःस्थ एंजिनासाठी बांधलेल्या नौकेत एंजिन आत हलविणे म्हणजे केवळ जागा बदलणे नव्हे. त्यामुळे नौकेचे स्थैर्य, बळकटी व सुरक्षितता या तिन्हींचा नव्याने विचार करावा लागतो.

बहिःस्थ एंजिनाचा भार व रेटा दोन्ही मागील फळीवर येतात. म्हणून ती फळी जाड व मजबूत केलेली असते, तर तळ त्यामानाने हलका असतो. अंतःस्थ एंजिनाचा भार तळावर व प्रचालकाचा रेटा एंजिनाच्या बैठकीवर येतो. तो सांगाड्याच्या बऱ्याच लांबीवर पसरावा म्हणून बैठकीचे लांबट आधार कण्याला समांतर जडवावे लागतात. दंतचक्रपेटीसह मोटारगाडीच्या एंजिनाचे वजन तेवढ्याच शक्तीच्या बहिःस्थ एंजिनाच्या अनेकदा दुप्पट-तिप्पट भरते. ते पुढे सरकविले, तर नौकेचे नाक खाली जाते. मागे राहिले, तर पश्चभाग बुडतो. म्हणून एंजिन बसविण्यापूर्वी गुरुत्वमध्याचे गणित करणे आवश्यक असते. [⟶ नौका-स्थैर्य].

प्रचालकाचा दंड तळातून तिरकस बाहेर काढावा लागतो. तळाला पाडलेल्या भोकात धातूची नळी बसवून तिच्या आतील टोकाशी पाणी अडविणारी ठासणीची पेटी बसवितात. तीत ग्रीज वा मेण चोपडलेला दोर दाबून भरलेला असतो. ही पेटी फार घट्ट केली, तर दंड तापतो व झिजतो; सैल ठेवली, तर नौकेत पाणी येते. म्हणून दंड फिरत असता तीतून थेंब थेंब पाणी येत राहावे, असा अनुभवी कारागिरांचा दंडक आहे. एंजिनाचा व प्रचालकाचा दंड एका रेषेत असणे हे सर्वांत नाजूक काम होय. जोडणीच्या दोन चकत्यांमधील फट सगळीकडे सारखी, फरक सु. ०.१ मिमी.हून अधिक नाही, अशी जुळवावी लागते. नौका जमिनीवर टेकलेली असताना तिचा सांगाडा किंचित वाकलेला असतो. म्हणून अखेरची जुळणी नौका पाण्यात उतरविल्यानंतरच करतात. ही काळजी न घेतल्यास धारवे झिजतात व कंपनामुळे दंडही तुटू शकतो.

याखेरीज बहिःस्थ एंजिनास न लागणाऱ्या अनेक गोष्टी आता लागतात. वळण्यासाठी स्वतंत्र सुकाणू हवे. शीतनासाठी समुद्राचे पाणी आत घेणारी झडप व पंप हवा; खाऱ्या पाण्याने एंजिनाचे संक्षारण होऊ नये म्हणून कित्येकदा गोड्या पाण्याचे वेगळे मंडल व उष्णता-विनिमयक बसवितात. तप्त निष्कास वायू नौकेच्या आतून न्यावयाचा असल्याने निष्कासनळीभोवती पाणी खेळते ठेवावे लागते. प्रचालक कायम पाण्यात राहत असल्याने नौकेचा डुबाव वाढतो व वाळूवर नौका ओढणे अवघड होते. पेट्रोल एंजिन असल्यास वाफेचा धोका सर्वांत मोठा. अमेरिकेत १९४० च्या मोटारबोट कायद्यान्वये बहिःस्थ सोडून इतर पेट्रोल एंजिनांच्या कार्ब्युरेटरावर ज्योतरोधक बसविणे सक्तीचे झाले. एंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने तळातील हवा बाहेर काढण्याची पद्धतही पुढे सार्वत्रिक झाली. डीझेल तेल साध्या तापमानास सहज पेट घेण्याजोगी वाफ देत नाही. म्हणून आत बसवावयाच्या एंजिनात, विशेषतः समुद्रावर, डीझेलला पसंती मिळाली.

या साऱ्या अडचणींवर मधला मार्ग म्हणून संमिश्र योजना पुढे आली. जिम विन या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेनुसार स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथील नौका-प्रदर्शनात ॲक्वामॅटिक हा ८० अश्वशक्तीचा संच सादर केला. त्यात एंजिन नौकेच्या आत, अगदी मागील फळीला लागून असे. फळीतून बाहेर पडणारा दंड दंतचक्रांद्वारे बहिःस्थ एंजिनासारख्याच वळणाऱ्या व वर उचलता येणाऱ्या पायास जोडलेला असे. तळाला भोक नको, वेगळे सुकाणू नको आणि तरीही चतुर्धाव एंजिनाची काटकसर, असा हा मिलाफ होता. कीकहेफरच्या कंपनीनेही १९६१ मध्ये अशीच योजना बाजारात आणली. पुढील तीन-चार दशके करमणुकीच्या मध्यम आकाराच्या नौकांत तिचा मोठा प्रसार झाला. मात्र फळीतील मोठे भोक, रबरी आवरणे व खाऱ्या पाण्यात बुडालेली ॲल्युमिनियमाची दंतचक्रपेटी यांची देखभाल खर्चिक असल्याने श्रमाच्या व्यवसायात ती फारशी रुजली नाही.

भारतातील स्थित्यंतर : भारतात एंजिनाच्या स्थानाचा प्रश्न करमणुकीच्या नव्हे, तर मच्छीमारीच्या संदर्भात उभा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात मच्छीमार नौकांच्या यांत्रिकीकरणास पंचवार्षिक योजनांत स्थान मिळाले. संयुक्त राष्ट्रे, नॉर्वे व भारत यांच्यात १९५२ मध्ये झालेल्या करारानुसार १९५३ पासून केरळमधील कोल्लमजवळ नींदकरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. स्थानिक नौकांतच एंजिने बसवावीत, असा आरंभीचा विचार होता. परंतु एका ओंडक्यातून कोरलेली होडी व लाकडाचे ओंडके बांधून केलेले कट्टुमरम् यांत एंजिनाची बैठक, दंड व सुकाणू यांना जागाच नव्हती. शिवाय त्या फुटणाऱ्या लाटांतून वाळूवर ओढाव्या लागत. म्हणून एंजिनासाठी नव्या आकाराच्या लहान नौका बांधण्यात आल्या. पुढे कोळंबीच्या निर्यातीस तेजी आल्यावर त्यांचा उपयोग मुख्यतः तळाशी ओढावयाच्या जाळ्यासाठी, म्हणजे ट्रॉलिंगसाठी होऊ लागला. प्रकल्पातील नॉर्वेचा सहभाग १९७२ मध्ये संपला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चित्र वेगळे होते. उत्तर कोकणातील सातपाटी, वसई, वर्सोवा इ. ठिकाणच्या शिडाच्या नौका फळ्यांनी बांधलेल्या, रुंद, खोल पोटाच्या व भक्कम कण्याच्या होत्या. खाड्यांमुळे त्यांना पाण्यातच नांगरून ठेवणे शक्य होते; रोज वाळूवर ओढण्याची गरज नव्हती. त्यामुळे त्यांच्यात अंतःस्थ डीझेल एंजिन बसविणे त्यामानाने सोपे गेले. कण्याच्या मागील भागात दंडासाठी नळी बसविणे, पश्चभागीचा खांब व सुकाणू यांच्यामध्ये प्रचालकासाठी पोकळी ठेवणे आणि एंजिनाखालील आडव्या लाकडांना बळकटी देणे हे बदल गावोगावच्या सुतारांनी आत्मसात केले. प्रारंभी शीड व डोलकाठी कायम ठेवण्यात येई. एंजिन बंद पडले, तर किनारा गाठण्यास तोच आधार असे. सहकारी संस्थांमार्फत मिळालेली कर्जे, राष्ट्रीय सहकार विकास निगमाचे अर्थसाहाय्य व डीझेलवरील विक्रीकराचा परतावा यांनी या बदलास चालना दिली. मोटार-ट्रकची एंजिने समुद्री उपयोगासाठी बदलून बसविण्याचा प्रघातही पडला. त्यांचे सुटे भाग व दुरुस्तीचे कारागीर जवळच्या शहरात मिळत.

उत्तर कोकणातील डोल जाळ्यास एंजिनाने ओढावे लागत नाही. ते समुद्रतळाशी जखडलेले असते व भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा इ. मासळी त्यात शिरते. म्हणून येथे एंजिनाचा मुख्य लाभ मासे पकडण्यात नव्हे, तर जाण्या-येण्यात होता. पूर्वी वारा पडला की तांडेलास नौका थांबवावी लागे व मासळी नासे. एंजिन आल्यावर भरतीची वेळ गाठून जाळे उचलता येऊ लागले आणि बर्फासह मासळी वेळेवर मुंबईच्या बाजारात पोहोचू लागली. पापलेटसारख्या मासळीसाठी दूरवर जाऊन जाळी टाकणेही शक्य झाले. त्याबरोबर खर्चाचे स्वरूप बदलले. वारा फुकट होता, डीझेल तसे नव्हते. मासळी लागो वा न लागो, इंधन व कर्जाचा हप्ता हा प्रत्येक फेरीचा निश्चित खर्च झाला.

केरळ व तमिळनाडू येथील खुल्या, वाळूच्या किनाऱ्यांवरील पारंपरिक मच्छीमार मात्र १९८० च्या सुमारास बहिःस्थ एंजिनाकडे वळले. ट्रॉलर-नौकांशी स्पर्धा करावयाची, तर वल्ह्यांनी भागण्यासारखे नव्हते. आणि ज्या होडीस बैठक देता येत नाही, तिच्या कडेला वा मागील टोकाला एंजिन अडकविता येत होते. ही एंजिने पेट्रोलवर सुरू करून नंतर रॉकेलवर चालविली जात. होडी किनाऱ्याला लागताना एंजिन उचलून घेता येई व रात्री घरी नेऊन ठेवता येई. अंतःस्थ एंजिनाने जे साधले नव्हते, ते येथे बहिःस्थ एंजिनाने काही वर्षांत साधले.

या दोन मार्गांमुळे भारतीय मत्स्यगणनेत नौकांचे तीन वर्ग करण्याचा प्रघात पडला : अंतःस्थ एंजिनाच्या त्या यंत्रचलित, बहिःस्थ एंजिनाच्या त्या मोटारचलित व उरलेल्या विनाएंजिन. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार देशातील सु. १.९४ लाख सागरी मच्छीमार नौकांत पहिल्या दोन वर्गांचे प्रमाण जवळजवळ सारखे, प्रत्येकी सु. ३७% होते. महाराष्ट्रात मात्र सु. १७,००० नौकांपैकी सु. १३,००० यंत्रचलित होत्या, तर केरळमध्ये मोटारचलित नौकांची संख्या यंत्रचलित नौकांच्या दुपटीहून अधिक होती. किनाऱ्याच्या घडणीचा एंजिनाच्या स्थानावर होणारा परिणाम या आकड्यांवरून स्पष्ट होतो.

केरळमधील उलट प्रवास : बहिःस्थाकडून अंतःस्थाकडे झालेल्या रूपांतराचे भारतातील ठळक उदाहरण केरळच्या वलयाकार जाळ्याच्या नौकांत आढळते. १९८० नंतरच्या दशकात तारली, बांगडा इ. थव्याने फिरणाऱ्या मासळीस वेढून पकडणारे हे जाळे प्रचारात आले. जाळे मोठे झाले, तशी ते वाहणारी वल्लम ही नौकाही लांब झाली व तिला एकाच वेळी दोन वा तीन बहिःस्थ एंजिने लावावी लागली. त्यांना रॉकेल फार लागे आणि सवलतीच्या दराचे रॉकेल अपुरे पडल्यावर ते खुल्या बाजारातून महाग घ्यावे लागे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अनेक गटांनी ही एंजिने काढून मोठ्या, बहुधा पोलादी सांगाड्याच्या नौकांत अंतःस्थ डीझेल एंजिन बसविण्यास सुरुवात केली. डीझेल एंजिनावरच जाळे ओढणारे रहाट चालविता येऊ लागले व खांद्यांवरचे श्रम हलके झाले.

तथापि या बदलाची किंमतही मोठी होती. अंतःस्थ एंजिनाची नौका वाळूवर ओढता येत नाही. तिला बंदर लागते. त्यामुळे गावापुढचा किनारा सोडून मच्छीमारांना बंदरांकडे जावे लागले. एका नौकेतील भांडवल अनेक पटींनी वाढले व ते फेडण्यासाठी अधिक मासळी पकडणे भाग पडले. केरळच्या किनाऱ्यावरील तारलीचे उत्पादन २०१२ मध्ये उच्चांकास पोहोचून पुढील काही वर्षांत झपाट्याने घसरले. समुद्राच्या परिस्थितीतील बदल हे त्याचे मोठे कारण मानले जाते. लहान मासळीची अतिरिक्त पकड हेही कारण त्यास जोडले जाते. मासळी नसलेल्या हंगामात बहिःस्थ एंजिनाचा मालक ते उतरवून घरी ठेवू शकतो. अंतःस्थ एंजिनाच्या मोठ्या नौकेस देखभाल, बंदर व कर्ज यांपासून सुटका नसते.

संघर्ष व नियमन : यांत्रिकीकरणाचे लाभ सर्वांना सारखे मिळाले नाहीत. गोव्यात किनाऱ्यावरून सामूहिकपणे रापण ओढणाऱ्या रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात किनाऱ्यालगत ट्रॉलिंग करणाऱ्या यंत्रचलित नौकांविरुद्ध आंदोलन केले. केरळमध्येही असेच संघर्ष झाले. त्यांची परिणती सागरी मासेमारी नियमनाच्या कायद्यांत झाली. केरळ व गोवा येथे १९८० मध्ये आणि महाराष्ट्रात १९८१ मध्ये असे कायदे झाले. किनाऱ्यापासूनचे अंतर वा पाण्याची खोली यांनुसार लहान व पारंपरिक नौकांसाठी क्षेत्र राखून ठेवणे व पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीस बंदी घालणे, ही या नियमनाची मुख्य साधने होत. केरळमध्ये पावसाळी ट्रॉलिंगबंदी १९८८ पासून अमलात आली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन-नौकांचे मालक यांच्यातील दीर्घ वादानंतर २०१६ मध्ये पर्ससीन-मासेमारीवर निर्बंध घालण्यात आले. नियमनाच्या दृष्टीने एंजिनाचे स्थान गौण आहे. त्याची शक्ती, जोडलेले जाळे व नौकेचे कार्यक्षेत्र यांना महत्त्व असते. परंतु व्यवहारात अंतःस्थ एंजिनाबरोबर शक्ती, जाळे व क्षेत्र ही तिन्ही वाढतात, हा अनुभव आहे.

अलीकडील प्रवृत्ती : पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीस लंबक पुन्हा बहिःस्थ एंजिनाकडे झुकला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये केलेल्या नियमांनुसार १९९८ ते २००६ या काळात नव्या बहिःस्थ एंजिनांतील प्रदूषण टप्प्याटप्प्याने घटविणे आवश्यक झाले. परिणामी कार्ब्युरेटरयुक्त द्विधाव एंजिने मागे पडून चतुर्धाव एंजिने रूढ झाली आणि इंधनखर्चाचा जुना आक्षेप बराच कमी झाला. २००७ मध्ये ३५० अश्वशक्तीचे, तर २०२१ मध्ये ६०० अश्वशक्तीचे बहिःस्थ एंजिन बाजारात आले. त्यामुळे पूर्वी ज्या नौकांत अंतःस्थ वा संमिश्र योजना अपरिहार्य वाटे, त्यांवरही बहिःस्थ एंजिने दिसू लागली. या स्थित्यंतरात जुनी नावे टिकली नाहीत. एव्हिनरूड व जॉन्सन ही नावे सांभाळणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिच्याकडून दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या एव्हिनरूड एंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद करण्यात आले.

विद्युत् चलित्राच्या पुनरागमनाने हा प्रश्न आणखी वेगळ्या स्वरूपात पुढे आला आहे. केरळमध्ये जानेवारी २०१७ पासून वैकम व तवणक्कडवू यांदरम्यान चालणाऱ्या आदित्य या सौरशक्तीवरील प्रवासी नौकेत ना डीझेलचा धूर आहे ना पेट्रोलची वाफ. विद्युत् चलित्र लहान व हलके असल्याने ते आत वा बाहेर कोठेही बसविता येते. जड असते ती घटमाला आणि तिला नौकेच्या तळाशी, मध्यभागीच स्थान द्यावे लागते. त्रूव्हेच्या नौकेतही १८८१ मध्ये चलित्र बाहेर व घटमाला आत होती.

मोटारनौकेतील एंजिनाच्या स्थानाचा सु. सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहता, अंतःस्थ वा बहिःस्थ यांपैकी कोणतीही एक योजना निरपवाद श्रेष्ठ ठरलेली नाही. खाडीत नांगरून राहणाऱ्या, दूर जाणाऱ्या व भार वाहणाऱ्या नौकेस अंतःस्थ डीझेल एंजिन हितकर ठरले. वाळूवर ओढाव्या लागणाऱ्या लहान होडीस बहिःस्थ एंजिनानेच साथ दिली. जेथे नौकेचा आकार, किनारा व मालकाची कर्ज फेडण्याची शक्ती यांचा मेळ बसला, तेथे रूपांतर टिकले. जेथे केवळ अधिक शक्तीचा मोह होता, तेथे एंजिनाच्या वजनाबरोबर कर्जाचे वजनही नौकेवर चढले.